कोशाची डोर, प्लास्टिकची डोर

काल तुझी तेरवी झाली, वसंता. वांग्याची भाजी झणझणीत झाली होती. लोकायनं दोन-दोनदा मागून घेतली अन् हात धुता धुता तुझी तारीफ केली. मोठ्या मनाचा माणूस गेला म्हणे. मी पदरानं डोळे पुसत होती, पण ते चुलीच्या धुरानं. रडायचं ते मी आधीच रडून घेतलं होतं, तू गेला त्या दुपारी, मोरीत नळ सोडून, तुझ्या बायकोले, शांताले, ऐकू जाऊ नये म्हणून.

डॉक्टरसाहेब जाता जाता म्हणाले, "बाई, वसंतरावांवर चार ओळी लिहून द्या. क्लबात फोटो लावू, त्याच्या खाली राहतील." मासे पकडणाऱ्या शौकीन लोकायचा तो तुमचा क्लब, अन् भिंत तिथली. मी हौ म्हटलं. सकाळपासून कागद घेऊन बसली आहे अन् फोटोखाली लावण्यासारखी एक ओळ सुचून नाही राहिली. जे सुचते ते भिंतीवर लावता येत नाही. म्हणून तुलेच सांगते. तू ऐकून घे, आता तुले कुठं जायचं आहे.

आपण पटव्याची पोरं. बाबा इतवारीच्या बाजारात ओट्यावर बसून लोकायच्या गळ्यातल्या पोती गाठून देत. सोन्याचे मणी रेशमात ओवायचे, कडदोरे वळायचे, गोंडे करायचे. तुले ते बायकी काम वाटलं. तू वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून झाला, अन् बाबायची बोटं माझ्या हातात आली. मंग माझं लग्न झालं, मी भंडाऱ्याकडं गेली, अन् चौथ्या वर्षी नवऱ्यानं दुसरी आणली. तेव्हा तू मले घ्यायले आला. त्यायच्या ओसरीवर तू बसला नाही, त्यायचं पाणी पेला नाही. माझी पेटी उचलली अन् म्हटलं, "चाल ताई." त्या दोन शब्दायवर मी तुझ्या नंदनवनच्या घरी वीस वर्षं राहिली. माझ्या ताटात भाकर किती आहे हे तू कधी पाहिलं नाही. हे मी विसरली असं समजू नको. हे आठवते म्हणूनच बाकीचं जास्त झोंबते.

तो मासे पकडायचा रॉड तुझ्या गोदामात निघाला. एक लांब लाकडी पेटी कित्येक वर्षांपासून कोपऱ्यात पडून होती, पाठवणारा कोणी इंग्रज साहेब, सोडवायले कोणी येईना. मालकानं कंटाळून तुलेच देऊन टाकली. आत तीन तुकड्यायचा बांबूचा रॉड, जोडला की चौदा फूट, दोन्ही हातानं धरायचा. पितळेचं रीळ अन् त्यावर रेशमाची डोर. तू हौसेनं डोर ओढली तर ती शिजलेल्या शेवईसारखी हातात आली. कोण्या साहेबानं ओलीच गुंडाळून ठेवली होती अन् वर्षानुवर्षं ती तशीच सडली. तू शिव्या देऊन अंगणात फेकली. मी तुकडे वेचून दारात बसली.

दोन दिवस लागले मले समजायले. टोकाले चार धागे, पुढं आठ, मधात सोळा, मंग पुन्हा उतरत उतरत चार. दोन्ही टोकं बारीक अन् पोट जाड. तू म्हणत होता, याले शिसं बांधून फेकू. मी म्हटलं, गाढवा, याले शिसं लागत नाही. गळाले नुसतं पीस बांधायचं असते, पिसाले काय वजन असणार, डोरीचं पोटच त्याले ओढून नेते. तू माझ्याकडं असा पाहत राहिला जसं घरातल्या मांजरीनं श्लोक म्हटला.

भंडाऱ्याकडून कोसा, रानातलं रेशीम, मागवला. दाराच्या कडीले टोक बांधून मी वळायले बसली. चाळीस वार डोर, अडीच महिने. पोटात नवे धागे असे घुसवायचे की बोटाले गाठ लागली नाही पाहिजे. मंग जवसाचं तेल उकळून त्यात बुडवायची, वाळवायची, फडक्यानं घासायची, पुन्हा बुडवायची. सात वेळा. शांता कुरकुर करे की घरभर वास येते. येत होता, खोटं काहून बोलू. अन् फेकून आल्यावर प्रत्येक वेळी ती रिळावरून पुरी काढायची, दोन खुंट्यायवर सैल गुंडाळून वाळवायची, दुसऱ्या दिवशी चरबीचा हात द्यायचा. ते काम पहिल्या दिवसापासून माझं. तू घरी आला की रीळ माझ्यापुढं ठेवून चहाले बसे.

फुटाळ्याच्या तलावाच्या काठावर आपण दोघंच पहिल्यांदा गेलो, ते सांगू? मागं झाडी, डोर मागं उडवायले जागा नाही. पेटीत चित्रायचं पुस्तक होतं, त्यात पाहून तू शिकला होता. डोर मागं न नेता पाण्यावरच बाजूले ओढायची, तिचा मोठा वेढा पडू द्यायचा, अन् मंग दोन्ही हातानं रॉड समोर मारायचा, की वेढा उलगडत उलगडत जाते. इंग्रज लोक याले स्पे म्हणते, त्यायच्या कोण्या नदीचं नाव आहे. तू चार वेळा फेकली अन् रॉड माझ्या हातात दिला. "धर ताई, तुझी डोर आहे." मी पदर खोचला अन् मारला. गेली गा ती. सरळ गेली, पाण्यावर एक रेघ ओढल्यासारखी पडली. तू म्हटलं, "शाब्बास वं ताई." त्यानंतर रॉड माझ्या हातात कधी आला नाही. पण त्या सकाळी तू माझा भाऊ होता, पुरा भाऊ.

मंग डॉक्टरसाहेब भेटले. फौजेतून रिटायर झालेला माणूस, बंगला, जीप, क्लबाचा मुखिया. त्यायच्या जावयानं विलायतेहून प्लास्टिकची डोर आणली होती, नवीन निघाली म्हणे, तेल नको, चरबी नको. डॉक्टरसाहेबायनं ठरवलं की एक रविवार फुटाळ्यावर दोन्ही डोरी एकाच रॉडवर लावून पाहू. रॉड तुझा, फेकणारा तू. मी डबा अन् चरबीचं फडकं घेऊन मागं बाभळीखाली बसली होती.

आता न्यायानं बोलायचं तर प्लास्टिकची डोर वाईट नव्हती. पाण्यावरून उचलायले हलकी, दोन तास झाले तरी तरंगून राहिली होती. पण तेवढ्याच वजनाले ती दुप्पट जाड. समोरून वारा आला की वाऱ्याले अंगावर घे अन् अर्ध्यात बसे. अन् रिळावरचे वेढे तिच्या अंगातून जात नव्हते, पाण्यावर पडली तरी जिलेबीसारखी वळून राहे. माझी कोशाची बारीक, जड. वारा कापून गेली. चार-पाच हात पुढं पडली, प्रत्येक वेळी. तासाभरानं मात्र पाणी पिऊन बुडायले लागली, तर तू हाक मारली, "ताई, फडकं आण." मी येऊन पुसून चरबी लावून दिली, पुन्हा तशीच गेली.

डॉक्टरसाहेबायनं डोर बोटात धरून पाहिली. "वसंतराव, ये तो मानना पड़ेगा. कुठची आहे?"

मी तिथंच उभी होती, हाताले चरबी लागलेली. तू माझ्याकडं पाहिलं पण नाही.

"इंग्लंडची आहे साहेब. जुना माल. आता असं बनत नाही."

"तभी तो," डॉक्टरसाहेब म्हणाले. त्याच महिन्यात क्लबानं तुले मेंबर करून घेतलं.

घरी आलो. शांता कुकर लावत होती, तेव्हा विचारलं, "सांगायचं होतं ना गा."

"काय सांगू? पोती गाठणाऱ्या बाईनं वळली म्हणू? हसतील लोक."

"हसू दे."

"तुले नाही हसणार, मले हसतील."

एवढंच पाहिजे होतं मले, वसंता. आजही तेवढंच सांगते, उगाच मोठं करत नाही. चार लोकायसमोर एकदा म्हणायचं होतं, ही माझ्या बहिणीनं वळली. नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून मले सारं नंदनवन ओळखत होतं. काही चांगलं करणारी बाई म्हणून कोणी तरी ओळखावं, एक माणूस का होईना.

तू नाही म्हटलं. अन् वरून तुझ्याच बढाया वाढल्या. क्लबातल्या दोघायले तू माझ्या डोरी इंग्लंडच्या म्हणून भेट दिल्या. मी वळत राहिली, काहून की तू कोसा आणून टाके अन् माझे हात रिकामे राहू शकत नाही. आपला वाद घरात सुरूच होता, कोसा चांगला का प्लास्टिक. तू मले चिडवायले प्लास्टिकची बाजू घे. एका दिवशी शांताच्या माहेरची माणसं बसली होती, डोरीची गोष्ट निघाली, अन् तू हसत हसत म्हटलं, "प्लास्टिकच्या डोरीचा एक फायदा आहे बावा. तिले वाळवायले घरात माहेरवाशीण ठेवावी लागत नाही."

सारे हसले. शांता पण हसली, मंग तिनं तोंडाले पदर लावला. तूही लगेच विषय बदलला, म्हणजे तुले समजलं होतं. मी आत जाऊन कणिक मळली.

बाबा सांगत, पटव्यानं उपाशी मरावं पण कच्चा धागा गाठून देऊ नये. कोण्या बाईची पोत तुटली तर ती दिवसभर नवऱ्याच्या जिवाले घाबरते. मी साऱ्या जन्मात एक काम कच्चं केलं, अन् ते तुझ्यासाठी. पेंचच्या नदीवर क्लबाचा मोठा बेत होता, बाहेरचे पाहुणे येणार होते, अन् तुले नवीन डोर पाहिजे होती. मी वळली. जिथं डोरीचं सोळा धाग्यायचं पोट सुरू होते, तिथं सोळापैकी तेरा धागे आतल्या आत छोट्या कातरीनं कापले. वरचे तीन त्यायच्यावरून अशा सफाईनं नेले की बाबायले पण हात फिरवून समजलं नसतं. मंग सात वेळा तेल. फेकायले ती टिकणार होती, मासोळीले नाही. मले वाटलं, तू लोकायसमोर इंग्लंडची म्हणून मिरवशील अन् इंग्लंडची तुटेल. तुझं नाक कापायचं होतं.

पेंचवर मी स्वयंपाकाले आली होती. पहिल्या दिवशी काही लागलं नाही. तुम्ही लोक संध्याकाळी पत्ते खेळत बसले, मी भाकरी थापत होती, रीळ माझ्यापुढं आलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराले महासीर मासा गळाले लागला. केवढा होता तो. रीळ असं ओरडलं की मी पिठाच्या हातानं काठावर धावली. तुझं तोंड मले अजून दिसते, लहानपणी पतंग काटल्यावर व्हायचं तसं. साऱ्या पाहुण्यायनं तुले घेरलं होतं. मासा खालच्या खडकाकडं गेला, तू रॉड उचलला, अन् डोर तुटली.

तो मासा पंधरा वार डोर ओढत गेला. खडकायमधी अडकून मेला असन, चार-पाच दिवसायनं, हळूहळू. त्याचं माझं काही वैर नव्हतं.

डॉक्टरसाहेबायनं तुटकं टोक उचललं. "अरे, ये इंग्लंड का माल?"

अन् तू, वसंता, तू रॉड खाली ठेवला अन् बोटानं मले दाखवलं. "नाही साहेब. इंग्लंडच्या वेगळ्या होत्या. ही आमच्या ताईनं घरी वळली."

पाच वर्षं वाट पाहिली होती मी त्या वाक्याची. सारे माझ्याकडं पाहून राहिले. पाहुण्यायपैकी एक जण म्हणाला, शौक आहे बाईले. डॉक्टरसाहेब भले माणूस, ते म्हणाले, "जाऊ द्या बाई, प्रयत्न केलात." मी त्यायच्या हातातून टोक घेतलं अन् चुलीत घातलं. साऱ्यायले वाटलं लाज वाटली. कापलेले धागे दिसले असते म्हणून घातलं. बाकीच्या पण माझ्याच होत्या म्हणू, तर कोण मानणार. अन् ही मीच कापली म्हणू, तर मले भावाच्या दारात कोण ठेवणार.

घरी येऊन तू प्लास्टिकची डोर घेतली. मी पुन्हा पोती गाठायले लागली. नऊ वर्षं आपण दोघायनंही पेंचचं नाव काढलं नाही. राखीले तू हात पुढं करे, मी बांधे. मले वाटे, तू मले बुडवलं. तुले काय वाटे ते मले माहीत नव्हतं.

ते तू मागच्या महिन्यात सांगतलं. पोटात पाणी झालं होतं, हातापायाच्या काड्या झाल्या होत्या. सकाळी अकराच्या सुमाराले तू शांताले पाठवून डॉक्टरसाहेबायले बोलावलं. ते काठी टेकत आले. मी तुले उशी देऊन बसवलं. तू माझा हात धरला अन् बोलायले लागला.

"साहेब, त्या साऱ्या डोरी ताईच्या होत्या. फुटाळ्याची पण. इंग्लंडची एकही नव्हती. मी खोटं बोललो."

डॉक्टरसाहेब खुर्ची ओढून जवळ बसले.

"अन् पेंचले जी तुटली त्यात ताईची चूक नव्हती. आदल्या दिवशी मी ओलीच रिळावर ठेवली. पत्ते खेळत बसलो, हिले वाळवायले दिली नाही. माझ्यानं सडली ती. अन् मी हिच्या नावावर टाकलं. नऊ वर्षं झोप नाही लागली मले त्याच्यानं." मंग तू माझ्याकडं पाहिलं. "ताई, माफ करशील का वं?"

एका रात्रीत कोसा सडत नाही, गाढवा. आठ दिवस ओला राहिला तरी सडत नाही, वास मारते फक्त. इतकी वर्षं माझ्या हातच्या डोरी वापरल्या अन् तुले एवढं माहीत नव्हतं, काहून की वाळवायले तू कधी हातच लावला नाही. एका वाक्याचं काम होतं. वसंता, तुझ्यानं नाही सडली, एवढं म्हटलं की झालं. तुझी नऊ वर्षायची झोप मी तिथंच तुले परत दिली असती.

पण डॉक्टरसाहेब उठले होते. त्या म्हाताऱ्या माणसानं काठी भिंतीले टेकवली अन् मले दोन्ही हात जोडले. "बाई, अशी डोर मी पुन्हा पाहिली नाही," म्हणाले. शांता दारात उभी राहून ऐकून राहिली होती. मी त्यायच्या तोंडाकडं पाहिलं, तिच्या तोंडाकडं पाहिलं. मंग तुले म्हटलं, "केलं माफ."

तू रडला. मी तुझे डोळे पुसले, डोक्यावरून हात फिरवला. शांता पण रडली. मले एवढं बरं वाटलं वसंता, की नवऱ्यानं टाकल्यापासून तसं वाटलं नव्हतं. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला, घोरला पण.

त्यानंतर तू तीन दिवस होता. पुरा शुद्धीवर होता. मी चमच्यानं पाणी पाजत होती, कूस बदलून देत होती, घरात कित्येकदा आपण दोघंच होतो. तू रोज म्हणत होता, ताई, आता हलकं वाटते. सांगायले एक मिनिट लागलं असतं. नाही सांगतलं मी. सांगतलं असतं तर तू डॉक्टरसाहेबायले पुन्हा बोलावलं असतं, अन् त्यायनं मले जोडलेले हात परत घेतले असते.